पिशवीच्या आकाराची मुळं

रोपवाटिका चालवणाऱ्या बाईंना सगळे वैद्यीणबाई म्हणत. झाडाचं दुखणं ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यामुळे वाचनालयापुढची जास्वंदीची झुडपं पटापट वाळायला लागली, तेव्हा ग्रंथपालबाईंनी त्यांनाच बोलावून घेतलं. आठ वर्षांपूर्वी ती चोवीस झुडपं लावलीही होती त्यांनीच.

"पंधरा दिवसांत पाच गेली," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "सोमवारी फुललेलं झुडूप शुक्रवारी काडी! आणि कारण मला ठाऊक आहे. आमचे पहारेकरी काका लादी पुसलेलं साबणाचं पाणी इथेच ओततात. आता त्यांना लेखी समजच देणार आहे मी."

काका फाटकाशीच बसले होते. "एक थेंब ओतला असेल तर हात झडो माझा," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

वैद्यीणबाई मध्ये पडल्या नाहीत. आधी तपासायचं, मग बोलायचं, ही त्यांची रीत. त्यांनी पानं उलटून पाहिली. कीड नाही, डाग नाही. मातीत बोट खुपसलं. ओल बेताची. मेलेली झुडपं एका जागीही नव्हती. एक पायरीपाशी, तर दुसरं पार कोपऱ्यात. साबणाचं पाणी काही अशा उड्या मारत जात नाही. मग त्यांनी एका वाळक्या झुडपाचं खोड धरून हलवलं. ते पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखं डुलत होतं. जरा जोर लावला, तर अख्खं हातात आलं.

मुळं आजूबाजूला पसरलीच नव्हती. लोकरीच्या गुंड्यासारखी गोल गोल गुंडाळली होती, आणि गुंड्याचा आकार थेट रोपाच्या पिशवीचा. एका जाड मुळानं तर खोडाचाच गळा आवळला होता.

लावणीची ती दुपार वैद्यीणबाईंना आठवली. लेक तापानं फणफणलेली, शेजारणीकडे ठेवलेली. सगळा जीव तिकडे. एरवी त्या पिशवी फाडून प्रत्येक रोपाची मुळं बोटांनी मोकळी करत. त्या दिवशी नुसत्या पिशव्या फाडल्या, गोळे खड्ड्यात ठेवले, माती लोटली आणि घर गाठलं.

ग्रंथपालबाई आत फोनवर होत्या. काका पाठमोरे. गुंडा पुन्हा मातीत दाबला असता, तर कुणाला पत्ता लागला नसता. पण वैद्यीणबाई उठल्या, नळाखाली मुळं धुतली आणि जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून ग्रंथपालबाईंच्या टेबलावर नेली.

"बाई, साबण नाही. चूक माझी आहे," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगून टाकलं.

"अहो, पण आठ वर्षं जगली की!"

"लहान होती तोवर भागलं. खोड जाड झालं, मूळही जाड झालं. त्यात यंदाचं ऊन. पाणी वर चढायला वाटच उरली नाही."

ग्रंथपालबाईंनी गुंडा उचलून फिरवून पाहिला. "तुम्ही बोलला नसतात, तर मला कधीच कळलं नसतं."

"पण काकांना तर ठाऊक होतंच ना, आपण साबणाचं पाणी ओतलं नाही ते."

यावर ग्रंथपालबाई उठल्या आणि स्वतः फाटकापर्यंत चालत गेल्या. त्या काय बोलल्या ते वैद्यीणबाईंना ऐकू आलं नाही. काका मात्र दोन दिवस घुश्शातच होते.

पुढचा आठवडाभर वैद्यीणबाईंनी उरलेल्या एकोणीस झुडपांच्या बुंध्याशी उकरलं, विळखे कापले, वरच्या फांद्या छाटून भार हलका केला. तरी आणखी चार गेलीच. पंधरांना महिन्याभरात पालवी फुटली. रिकाम्या नऊ जागांसाठी त्या नवी रोपं घेऊन आल्या, तेव्हा काका आपण होऊन खुरपं घेऊन शेजारी बसले.

"मुळं कशी सोडवायची ते दाखवा तरी," ते म्हणाले.

त्यांनी दाखवलं. काकांनी पहिलं रोप मांडीवर घेतलं आणि लहान मुलीचे केस विंचरावेत तसं एकेक मूळ सोडवायला लागले. अर्धा तास झाला तरी तेच रोप.

"काका, अशानं संध्याकाळ होईल."

"होऊ दे की," काका मान वर न करता म्हणाले. "घाई कुणाला आहे?"