भिंतीला रफू

भिंतीला टूथपेस्टचा वास येत होता.

रविवारची सकाळ होती. उशीची खोळ बदलायला ती बाबांच्या पलंगावर वाकली आणि तो थंड, गोडसर वास नाकात शिरला. तिला वाटलं, बाबा तोंड धुऊन टॉवेल इथेच विसरले असतील. पण टॉवेल खुर्चीच्या पाठीवर नीट घडी घालून ठेवलेला होता. तिने भिंतीला नाक लावलं. वास भिंतीचाच होता.

त्या भिंतीत तडा होता. तडा म्हणायचं नाही, ‘केसरेघ’ म्हणायचं, असं सोसायटीच्या सभेत हात वर करून ठरलं होतं. शब्द अध्यक्षांचा. ते उठता-बसता सोसायटीच्या उपनियमांचा हवाला देत, म्हणून त्यांच्या माघारी सगळे त्यांना ‘उपनियम’च म्हणत.

“तडा म्हटलं की उद्या इथलं घर कुणी फुकटसुद्धा घेणार नाही,” ते सभेत म्हणाले होते. “आणि ताई, भिंत सामाईक असली तरी आतला गिलावा तुमचा. गिलाव्यावरची रेघ म्हणजे तुमचा खासगी प्रश्न.”

“म्हणजे रंग त्यांचा, विटा आपल्या, आणि रेघ बिचारी अनाथ,” मागून कुणीतरी म्हणालं. सभा हसली. तीही हसली आणि तिनेही हात वर केला. घर घेऊन दीडच वर्ष झालं होतं. भाडेकरूंना सभेत बसता येत नसे, आणि जन्मात पहिल्यांदाच ती कुठल्या तरी भिंतीबद्दल मत देऊ शकत होती.

शिवाय तिचा स्वतःच्या मोजमापावर विश्वास होता. चष्म्याच्या काचा घडवणाऱ्या कारखान्यात ती तपासनीस होती. तिथल्या काचेच्या पातळ पट्ट्या कापून आणून त्यातली एक तिने तड्यावर आडवी चिकटवली होती. काच ताणली जात नाही. भिंत केसभर सरकली तरी ती तुटणार. दर रविवारी ती पट्टी बघायची. पट्टी शाबूत, म्हणजे भिंत शाबूत. एवढ्या हिशेबावर ती रोज रात्री निर्धास्त झोपत होती.

आजही पट्टी शाबूत होती. मग हा वास कसला? तिने नखाने तडा खरवडला. नखात पांढरं, मऊ काहीतरी आलं, आणि तिला एकदम हसू फुटलं.

बाबांनी उभी हयात परदेशात काढली, शिंपीकाम करत, भाड्याच्या घरांत. रफू असं करायचे की फाटलं कुठे होतं ते गिऱ्हाइकालाही सापडू नये. त्या देशात निम्मं शहर भाड्यानेच राहायचं आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. भिंतीला ओल आली की मालकाला फोन करायचा आणि आपण चहा प्यायचा. न विचारता मालकाला उंबरठा ओलांडायची मुभा नव्हती. फक्त घर सोडताना तो यायचा आणि भिंतींवरून हात फिरवायचा. खिळ्याचं भोक दिसलं की डिपॉझिटमधून पैसे कापायचा. म्हणून घर सोडण्याआधी बाबा प्रत्येक भोकात टूथपेस्ट भरून बोटाने सारखी करायचे. एवढी घरं बदलली, पण एकाही मालकाला एकही भोक सापडलं नाही, हे ते अजूनही अभिमानाने सांगत.

त्यांना कुणी ‘घर सोडा’ म्हणू नये, म्हणून तर तिने हे घर घेतलं होतं.

“बाबा, भिंतीला टूथपेस्ट लावलीत?”

बाबा स्वयंपाकघरातून हात पुसत आले. चेहरा पडला होता. “दिसतंय का?”

“दिसत नाही. वास येतोय.”

“मग बिनवासाची आणायला हवी.”

“अहो, पण कधीपासून लावताय?”

“झाले की बरेच महिने. राहतच नाही गं ती. लावली की आत जाते. आधी महिन्यातून एकदा पुरायची, आता दर दोन दिवसांनी लावतो. विरलेल्या कापडासारखं झालंय, टाका धरतच नाही.”

तिचं हसू विरलं. बाबांच्या डब्यातली गोधडीची लांब सुई तिने घेतली आणि तड्यात घातली. सुई आत गेली. आणखी आत गेली. शेवटी चिमटीत धरायलासुद्धा टोक उरलं नाही.

“पण काच तर तुटलेली नाही,” ती म्हणाली. बाबांना नव्हे, स्वतःलाच. हातात धरायला तेवढंच उरलं होतं.

“ती नवीन आहे,” बाबा म्हणाले.

ती वळली.

“आधीची तुटली. मला वाटलं, पलंग सरकवताना माझाच धक्का लागला. तुझ्या डब्यात होत्या ना कापलेल्या, त्यातली एक लावली. अगदी मापात बसली.”

“एकदाच ना?”

बाबा जमिनीकडे बघत होते. “तीनदा. परवाची धरून चार. तुला सांगणार होतो, पण तू मालकाला कळवशील, आणि मग…”

“बाबा, हे घर आपलं आहे.”

“हो, हो,” ते म्हणाले. लहान मुलाची समजूत घालावी तसं.

ती पुन्हा भिंतीशी वाकली आणि तिला ऐकू आलं. गिलाव्याच्या मागे, डब्यात साखर ओतावी तसा बारीक, सलग आवाज. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. या भिंतीला टेकून बाबा झोपत होते. ती पलीकडच्या खोलीत झोपत होती. आणि वर एक अख्खा मजला होता, त्यावर माणसं होती.

“चपला घाला,” ती म्हणाली. आवाज कापू नये म्हणून तिने अगदी हळू सांगितलं.

घर सोडायचं म्हटल्यावर बाबा सवयीने चादर ताठ करू लागले. तिने त्यांचा दंड धरून ओढत बाहेर आणलं आणि दार लोटलं. दार काल खांद्याने रेटावं लागलं होतं. आज ते चौकटीला अडून बोटभर उघडंच राहिलं. किल्ली बाबांच्या हातात देऊन त्यांना कठड्याच्या आधाराने खाली पाठवलं, आणि ती वर धावली.

वरच्या मजल्यावर एक परिचारिका लेकीसह भाड्याने राहत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “आत्ता?”

“आत्ता.”

परिचारिका झोपलेल्या लेकीला खांद्यावर टाकून, पर्स घेऊन, दुसऱ्या मिनिटाला जिन्यात होती. “पंख्यासकट सगळं मालकाचं आहे,” ती उतरता उतरता म्हणाली. “माझं काय, ते हे खांद्यावर आहे.”

बाकीच्या घरमालकांची दारं उघडली, पण माणसं दारातच राहिली. एक निवृत्त मास्तर म्हणाले, “इंजिनिअरचं लेखी आहे का?” शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “अगं, परवाच फरशी बसवलीय आम्ही,” जणू नव्या फरशीच्या घराला काही होऊच शकत नव्हतं. कुणी बाहेर येईना. ती बेल वाजवत खाली उतरत राहिली. प्रत्येक दारापाशी कान त्या आवाजाकडेच होते.

उपनियम खालीच भेटले, वर्तमानपत्र काखेत धरून.

“ताई, हळू बोला. घबराट पसरवणं हा…”

“काच चार वेळा तुटलीय, साहेब. मला माहीत नव्हतं.”

“सभेत तर म्हणालात शाबूत आहे. केसरेघेला हात तुम्हीही वर केलात.”

“केला. चुकले. आता सगळ्यांना बाहेर काढा. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.”

“आणि उद्या इथलं घर बघायला गिऱ्हाईक आलं की त्याला काय सांगायचं, सगळे मजा म्हणून रस्त्यावर…”

तेवढ्यात बाबा पुढे झाले. त्यांनी दोन्ही हातांनी किल्ली उपनियमांपुढे धरली.

“घर होतं तसं ठेवलंय, साहेब. एकदा बघून घ्या. भिंतींवर हात फिरवून बघा. आम्ही इथेच थांबतो.”

उपनियमांनी किल्ली घेतली. “म्हणजे घर उघडं टाकून आलात?” त्यांनी तिला विचारलं.

“दार लागत नाही.”

“लागत नाही म्हणजे काय? मी लावून येतो.”

“वर जाऊ नका,” ती म्हणाली. तिने त्यांची बाहीसुद्धा धरली. पण ते बाही सोडवून जिना चढू लागले.

ती बाबांना घेऊन रस्त्यापलीकडे गेली. परिचारिका तिथे पोरीला थोपटत उभी होती. सगळे वर बघत राहिले. तिसऱ्या मजल्यावरून तिचं दार आपटल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग आणखी एकदा, अंग टाकून रेटल्यासारखा. त्यानंतर काहीच आलं नाही. दाराचं तिने सांगितलं नसतं तर तो माणूस वर गेलाच नसता.

मग जिन्यात पावलं वाजली. खाली येता येता मध्येच थांबणारी. दारादारावर किल्ली ठोकल्याचा आवाज, आणि उपनियमांचा चिरकलेला स्वर: “बाहेर या. आहात तसे बाहेर या. तडा गेलाय. तडा.”

मास्तर पायजम्यावर बाहेर आले. वहिनी आल्या, हातात पीठ. एकामागून एक दारं उघडली, आणि एकही कुणी लावलं नाही.

बाबांनी तिची बाही ओढली. “त्यांना सापडलं का गं काही?”

“सापडलं, बाबा.”

बाबांनी मान खाली घातली. “मग डिपॉझिट गेलं,” ते म्हणाले, आणि अंगठ्याच्या नखात अडकलेला पांढरा कण काढू लागले.