खाणवाल्यांचा भाव

घरमालकाने टेपचं एक टोक ऑपरेटरच्या हातात दिलं आणि टेप उलगडत तो थेट पलंगाच्या पलीकडे गेला. पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या होत्या. ज्यांच्या होत्या त्या सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या.

"अकरा बाय दहा," मालक म्हणाला. "एवढी खोली अख्ख्या गावात मिळायची नाही. सिस्टर एक तारखेला सोडताहेत."

"सोडतेय," सिस्टर म्हणाल्या. "पण आज कोणी बघायला येणार हे सांगितलं असतंत, तर पसारा आवरला असता."

पसारा कुठे दिसत नव्हता. ऑपरेटरने टोक सोडलं तशी पट्टी सळसळत मालकाकडे परत गेली. आता हातांचं काय करावं हे त्याला कळेना. एका जागी उभं राहायची त्याला सवय नव्हती. खाणीतल्या खोदाईच्या मशीनवर आठ तास दोन्ही हात दांड्यांवर आणि दोन्ही पाय पेडलवर. बाकीच्या वेळी हे चारही अवयव त्याला उपरे वाटत.

त्याची बायको मात्र खिडकीपाशी रमली होती. मुलीला आजोळी ठेवून ती दोन दिवसांसाठी घरं बघायला आली होती. हे पाचवं घर. पहिल्या घरात पाणी नव्हतं, दुसऱ्यात उजेड नव्हता, उरलेल्या दोन्हींचं भाडं ऐकूनच ती बाहेर पडली होती. तीन वर्षं नवरा खाणीच्या पत्र्याच्या बराकीत, सहा खाटांच्या खोलीत, आणि ती मुलीला घेऊन माहेरी. आता तिने बजावलं होतं की यावेळी नक्की करूनच जायचं.

मालकाला फोन आला म्हणून तो अंगणात गेला. सिस्टरनी हळू आवाजात विचारलं, "किती सांगितले तुम्हाला?"

"चौदा हजार."

"मलाही तेवढेच सांगितले. आतापर्यंत मी साडेसहा देते. आणि कंत्राटावरचा पगार माझा सव्वीस." त्या हसल्या, पण त्यात कडवटपणा नव्हता. "बाराच्या वर जाऊ नका. रिकामं घर त्याला एक दिवस बघवत नाही, येईल खाली. पाणी सकाळी साडेसहाला येतं, जेमतेम पाऊण तास. बादली अंगणातल्या नळाला लावा. आतल्या नळाचा काही भरवसा नाही."

"सिस्टर, तुम्ही इथे राहता हे आम्हाला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत असतं तर आला नसतात का?"

सिस्टर सरकारी दवाखान्यात होत्या आणि या घरात अठरा वर्षं. मागच्या वर्षी बोटाला टाके पडले तेव्हा पट्टी त्यांनीच बांधली होती. त्यांना ते आठवत नसावं. त्याला आठवत होतं.

परतताना बायकोने भाजी घ्यायची म्हटलं. त्याने सवयीने खाणीची टोपी काढून खिशात कोंबली.

"हे काय?"

"टोपी बघितली की भाव वाढतो."

भाजीवालीने त्याच्या बुटांवरच्या लाल धुळीकडे पाहिलं आणि खाणवाल्यांचाच भाव सांगितला. बायको घासाघीस करत राहिली. तो मात्र इकडून तिकडे येरझारा घालत होता.

गावाला वाटे, ऑपरेटर म्हणजे पैशांचा पाऊस. कागदावर अठ्ठावन्न हजार होते, ते खरं. हातात त्रेचाळीस येत. त्यातून खानावळ, माहेरी पाठवायचे, वडिलांची औषधं. नऊ टक्के वाढीचा करार झाला, त्याच आठवड्यात गावातली भाडी दीडपट झाली. शेजारच्या खाटेवरचा डंपरवाला म्हणाला होता, "आपला पगार वाढलेला आपल्याआधी घरमालकांना कळतो."

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती. बकेट कड्यात रुतत होती, भरत होती, डंपरवर रिकामी होत होती. बावीस वर्षं दांड्या ओढलेल्या हातांना विचार करावा लागत नसे, म्हणून डोकं मोकाट सुटलं होतं. दोनदा डंपरच्या कडेवर दगड सांडला. डंपरवाल्याने काच खाली करून विचारलं, "झोप झाली नाही का?"

"झाली रे. घर बघितलंय एक."

"मग तोंड असं का?"

पाळी सुटल्यावर तो बराकीत गेलाच नाही. थेट मालकाच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. पुढच्या खोलीला रस्त्याकडून वेगळं दार आहे, त्यात सिस्टर साडेसहा देऊन राहतील, मागच्या दोन खोल्या मी साडेसातला घेतो, तुमचे चौदा पुरे, असा त्याचा हिशेब होता. मालकाने खिळे तोलता तोलता विचार केला. "मला काय, चौदा मिळाले की झालं. पण त्यांना विचारा."

बायकोला त्याने वाटेतच फोनवर सांगितलं. तिला आवडलेली खिडकी पुढच्या खोलीत होती. "विचारा," ती म्हणाली. "पण त्या नाही म्हणाल्या तर पुन्हा मागे लागू नका. आपण नाही घेतलं तर दुसरा कोणी घेईल. त्यांना घर परत मिळणार आहे असं थोडंच आहे."

सिस्टर भांडी खोक्यात भरत होत्या. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "बसा. चहा घ्या." तो बसला, उठला, पुन्हा बसला.

"भाऊ, मनातून बोललात ते कळलं मला. पण वर्षभराने हा माणूस पुन्हा भाडं वाढवेल. माझा पगार तसाच असेल. मग वरचे पैसे तुम्ही भराल, आणि तुमच्या बायकोला एक दिवस मी जड होईन. तिचं चुकेल असंही नाही. तेव्हा तोंड चुकवत राहण्यापेक्षा आज नीट जाते. भावाकडे एक खोली आहे. दोन बस बदलाव्या लागतील. निवृत्तीला दोनच वर्षं राहिली माझ्या."

"रोज दोन बस?"

"तुम्ही रोज डोंगर उचलता," त्या म्हणाल्या. "मला बसायचंच तर आहे."

मालक बारावर आला. सिस्टरनी सांगितलं होतं तसंच.

एक तारखेला ते राहायला आले तेव्हा फरशी धुतलेली होती आणि ओटा चकचकीत होता. मुलीने आल्या आल्या खिडकीखाली आपली पुस्तकं मांडली. तीन वर्षांनी एका छताखाली तिघं जेवले. बायको जेवताना मध्येच थांबून नुसती बघत राहिली, भिंतीकडे, मुलीकडे, त्याच्याकडे. त्याने घास खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. सुख होतं, खोटं कशाला बोला. पण त्याला त्यात टेकता येत नव्हतं.

भाड्याच्या बारा हजारांशिवाय वीज, शाळा, गॅसचा खर्च आला, तशी त्याने जादा पाळी मागून घेतली. आठवड्यातून तीनदा सलग सोळा तास. तो घरी यायचा तेव्हा मुलगी झोपलेली असायची किंवा शाळेत गेलेली असायची. "घर घेतलंत आणि राहतोय आम्हीच," बायको एकदा म्हणाली. तक्रार म्हणून नाही, पण म्हणाली. डंपरवालाही आता घर बघत होता आणि त्याला सोळा सांगितले होते, ती बातमी त्याने तिला सांगितली नाही.

महिन्याभराने, अशीच जोडपाळी संपवून तो खाणीच्या बसने परतत होता. सकाळचे साडेसात. स्टँडसमोर बस थांबली. तिथे बाहेरगावची एक गाडी येऊन लागली होती आणि सिस्टर तिच्यातून उतरत होत्या. गुडघा धरून एकेक पायरी. दवाखाना उघडायला अजून दीड तास होता. पुढची गाडी धरली तर उशीर होत असणार.

तो अर्धवट उठला. उतरून काय बोलणार होता, ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. "खाली बस की," मागून कोणीतरी म्हणालं. तो दांडी धरून तसाच उभा राहिला.

सिस्टर स्टँडच्या पायरीवर बसल्या. चिखलाने भरलेल्या चपला काढून त्यांनी पिशवीत घातल्या. पिशवीतून पांढरे बूट काढले, रुमालाने पुसले. पायांतले मोजे ताणून सरळ केले, मग बूट घालून नाड्या बांधल्या. एक सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा बांधली. मग उठून साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि दवाखान्याच्या दिशेने चालू लागल्या, कसलीच घाई नसल्यासारख्या, रस्त्यातली डबकी टाळत.