दादाचा फोन

कापड कापायच्या टेबलावरून उठवून तिला दोरे तोडायला बसवलं, तेव्हा सुपरवायझरने तिच्याकडे धड बघितलंही नाही.

"तुझ्या दादाचा फोन आला होता. तुझ्या आजाराचं कळलं. उगाच कटर हातात नको."

अकरा वर्षं ती तो कटर चालवत होती. पाच वर्षांपूर्वी कारखान्यात कावीळ झाल्याचं सांगून दोन महिने मनोरुग्णांच्या इस्पितळात काढले, तेव्हापासून मनाचा तोल सांभाळणारी लिथियमची गोळी एक रात्र चुकली नव्हती.

तळपायाची आग मस्तकात गेली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती दहाला घरी पोचली. दादा दाढी करत होता.

"कुणाला विचारून फोन केलास?"

तो आरशातूनच म्हणाला, "काल गोळी घेतली होतीस ना?"

झालं! घरात बाकीच्यांना राग यायचा. तिचं मात्र औषध कमी पडायचं.

तिने इस्पितळातून मिळालेलं छोटं यंत्र काढलं. बोट टोचून पट्टीवर थेंब सोडला की पट्टीतला सेन्सर रक्तातलं लिथियम मोजायचा. रात्री दहाच्या गोळीनंतर बारा तासांनी बघ, शून्य पूर्णांक सहा ते एकच्या मध्ये हवं, असं नर्सने बजावलं होतं.

यंत्र तिने दादाच्या नाकासमोर धरलं. "वाच. मोठ्याने."

"शून्य पूर्णांक आठ," तो पुटपुटला. "यंत्रं काय, चुकतातही."

"यंत्र चुकतं, मी चुकते, तू तेवढा बरोबर! औषध पुरेसं आहे, दादा. हा राग तुझ्यावरचा आहे."

"अगं, काळजी वाटली म्हणून…"

"मग मला विचारायचंस! पाठीमागून पोटावर पाय दिलास आणि वर काळजी म्हणतोस?"

वहिनी दारातून म्हणाली, "अहो, चुकलंच तुमचं."

"तोंड धू," ती दादाला म्हणाली. "फोनवर बोललास ते समोर येऊन निस्तर."

तो आला. सुपरवायझरपुढे मान खाली घालून म्हणाला, "डॉक्टर तिला कामाला नाही म्हणालेले नाहीत. मीच आगाऊपणा केला." सुपरवायझरने डॉक्टरांचं पत्र मागितलं. तिसऱ्या दिवशी तिने ते आणून त्याच्या टेबलावर आपटलं आणि आपली जागा परत घेतली.

पण बोभाटा व्हायचा तो झालाच होता. तिला बघताच शेजारच्या बाईने आपली कात्री हळूच ओढून मांडीखाली सरकवली.

"वर ठेव ती," ती म्हणाली. "बसशील आणि तुलाच टोचेल."

बाई ओशाळली. इकडे हिने हातमोजा चढवला, कापडाचे थर दाबून धरले आणि कटर सुरू केला. दादाशी मात्र ती अजून बोललेली नाही.