सागवानातली गाठ

शिरपूरच्या तालमीतला जिम्नॅस्टिक्सचा बीम तेरा फुटांचा होता. नियमाच्या पुस्तकात तो पाच मीटर, म्हणजे सोळा फुटांच्याही वर, हे जीवराम सरांना चांगलं ठाऊक होतं. पण कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पाडलेल्या छपरातून जे सागवान मिळालं ते तेवढंच, आणि रुपचंद सुतार काही लाकूड ओढून लांब करणार नव्हता. त्यात टोकापासून दोन हात आत एक टणक गाठ. रुपचंद तिच्यावर रंधा मारायला निघाला तेव्हा सरांनीच त्याला थांबवलं. ही गाठ त्यांच्या भलत्याच कामाची होती.

बीमवरून उतरणं ही सगळ्यात जिवावरची गोष्ट. पळत यायचं, हात टेकायचे, पाय डोक्यावरून न्यायचे आणि टोकापलीकडे गादीवर उतरायचं. हात अगदी टोकावर टेकले पाहिजेत. अलीकडे टेकले तर पाय गादीऐवजी लाकडावर येतात, आणि मग नडगी फुटते नाहीतर हनुवटी. टोक शोधत खाली बघत राहिलं तर गुण जातात. म्हणून सरांनी आपल्या शिष्येला, हिरकणला शिकवलं होतं, चार पावलं मोजायची आणि उजव्या पायाच्या तळव्याला गाठ लागली की झेपावायचं. "पाय कधी खोटं बोलतस नही," असं ते म्हणायचे, आणि हिरकणचा त्यांच्यावर पुरता विश्वास होता.

१९९१च्या जानेवारीत जळगावला विभागाच्या शालेय स्पर्धा झाल्या. चौदा वर्षांखालच्या मुलींतून राज्याला एकच जाणार होती. हिरकणचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तिला सतरा वर्षांच्या घोडमुलींशी झुंजावं लागणार होतं. तीन प्रकार आटोपले तेव्हा तिच्या पुढे कोणी नव्हतं. राहिला होता बीम.

त्या हॉलमधला बीम मऊ कातड्यानं मढवलेला होता. तो पाहून हिरकणने सरांना विचारलं, हा आपल्यापेक्षा लांब दिसतोय का. सरांना ते ठाऊक होतं, पण पोरगी ऐन वेळी बिचकेल म्हणून त्यांनी हसून वेळ मारून नेली.

"लांब शे ते चांगलंच शे, पोरी. जागा जास्ती."

तिला ते पटलं. मग सरावाला प्रत्येकीला अर्धं मिनिट मिळालं. हिरकणने ते सगळं मधल्या उलट्या कोलांटीवर घालवलं, कारण तिला भीती तिचीच वाटायची.

तिच्या आधी दीपनगरच्या वसाहतीतली कौमुदी होती. त्यांच्या क्लबात खरा बीम होता. कौमुदीने आधी खडूने बीमवर एक आडवी रेघ ओढली, मग सगळं झोकात करून उतरली. फळ्यावर बेरीज लागली. तिला मागे टाकायला हिरकणला आठ पूर्णांक सत्तर हवे होते. तालमीत ती त्याहून जास्त घ्यायची.

हिरकण पुढे झाली. बीमवर ती खडूची रेघ तशीच होती. शिरपूरला साधनाला हात लावून तो कपाळाला लावायचा शिरस्ता. साधन कोणी घाण करत नसे. तिने ती रेघ तळहाताने स्वच्छ पुसली, नमस्कार केला आणि वर चढली.

सगळं छान जमत गेलं. मधली कोलांटीसुद्धा जरा न डगमगता झाली. शेवटी ती दुसऱ्या टोकाला गेली, वळली आणि निघाली. एक, दोन, तीन, चार. उजवा पाय पडला आणि तळव्याला गाठ लागलीच नाही. गाठ तर शिरपूरच्या बीमला होती, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

अंग पुढे निघालं होतं. तिने ते कसंबसं आवरलं. एक पाय हवेत गेला, हात पंख्यासारखे फिरले, पण ती पडली नाही. तिला एवढंच कळलं, की आपण कुठे उभ्या आहोत हे आपल्याला माहीत नाही. ती घाबरली, खरोखर घाबरली. आणि मग कौमुदीची ती रेघ झेपेची जागा कळण्यासाठी होती हे तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. ती तर आपण आपल्याच हाताने पुसली होती.

वेळ संपत आल्याची पहिली घंटा वाजली. आता दहा सेकंद.

हिरकण पुढे सरकली. पायाच्या बोटांनी चाचपत गेली आणि एकदाची बीमच्या टोकाची कड बोटांना लागली. तिथून ती उलटी मागे आली, टाचेमागे टाच, मनात मोजत. दोन हात झाले. धावेसाठी आणखी दोन पावलं. दुसरी घंटा झाली, म्हणजे वेळ संपली आणि गुण कापला जाणार. तिने तिकडे लक्षच दिलं नाही. दोन पावलं, झेप, हात बरोबर टोकावर, आणि ती गादीवर दोन्ही पायांनी अशी उतरली की रोवलेली मेखच.

फळ्यावर आठ पूर्णांक पासष्ट लागले. उशिराचा एक दशांश कापला होता. तो राहता तर ती राज्याला जात होती.

"सर, पावलं चुकतीन हाई तुमले माहीत व्हतं?" तिने विचारलं.

सरांनी तिच्याकडे न बघता चूक कबूल केली. "व्हतं. तुले पहिलेच सांगाले जोयजे व्हतं. चूक मनी शे."

शिरपूरच्या बसमध्ये ती सरांपासून दूर, पुढच्या बाकावर जाऊन बसली. राग होता, आणि तो गिळण्याची तिला काही गरज वाटली नाही.

सोमवारी ती रुपचंदला रंध्यासकट तालमीत घेऊन आली. आता कशाला, स्पर्धा तर होऊन गेली, असं तो कुरकुरला.

"त्या गाठमुये मना पाय आंधया व्हयी गयात," ती म्हणाली. गाठीशिवाय अंतर ओळखणं ते विसरले होते.

सर पुढे आले आणि बीमचं दुसरं टोक त्यांनी घट्ट धरलं. गाठ चिवट होती, घामटा निघेपर्यंत रुपचंदला रंधा मारावा लागला. लाकूड सपाट झालं तसं सरांनी खिशातून खडू काढला आणि ते रेघ ओढायला वाकले.

हिरकणने हात पुढे केला. "खडू माले द्या, सर."

त्यांनी दिला. ती बीमवर चढली, टोकाकडे पाठ करून उभी राहिली आणि टाचेपुढे टाच ठेवत रेघेसाठी टोकापासून आपलं अंतर मोजू लागली.