गढ्यातला समुद्र

शालिग्रामनं समुद्र कधी पाहिला नव्हता. पण गेले चार महिने तो जबलपुरातल्या गढा भागाच्या चौकात समुद्रावर असा काही बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गडी रोज सकाळी तिथूनच तोंड धुऊन येतो. त्याचंही बिचाऱ्याचं चुकत नव्हतं म्हणा. ज्या भय्यासाहेबांच्या वर्कशॉपात तो वीस वर्षं धान्याच्या कोठ्या नि पाण्याच्या टाक्या वेल्ड करत आला, त्या वर्कशॉपाला चक्क आरमाराचं काम मिळालं होतं. मुंबईच्या एका गोदीत लढाऊ जहाज बांधलं जात होतं, आपल्याच देशात, आपल्याच माणसांच्या हातून. त्यासाठी लागणारे सहा बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारी लोखंडी पिंपं, जबलपुरात बनत होती.

"विलायतेकडं हात पसरायचे दिवस गेले," भय्यासाहेब पेपर हलवत सांगायचे. "लंका म्हणा, बांगलादेश म्हणा, सगळेच आपापल्या गोद्या उभ्या करून राहिले. मग आपण काहून मागं राहावं?"

शालिग्रामला लंकेशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचं घोडं वेगळ्याच जागी अडलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यानं बायकोला, कुसुमबाईला, शब्द दिला होता की तुला समुद्र दाखवीन. त्याला बावीस वर्षं झाली. दर वर्षी तो तिला नर्मदेवर, भेडाघाटला नेऊन म्हणायचा, "हे पाय, पाणीच पाणी!" आणि ती म्हणायची, "पायलं. पलीकडचा काठ बी दिसून राहिला."

आता मात्र भय्यासाहेबांनी कबूल केलं होतं. बोये पास झाले की ते पाण्यात सोडून द्यायला शालिग्रामनं मुंबईला जायचं, नि सोबत कुसुमबाईला न्यायचं. झालं! बाईनं ट्रंक पुसून, दोन लुगडी घडी करून, वर चिवड्याचा डबासुद्धा ठेवून दिला. अजून बोये पास व्हायचे होते, पण तिला कोण सांगणार?

शेवटचं काम उरलं ते रेघेचं. नकाशात लिहिलं होतं की बोया तरंगताना पाणी जिथं टेकेल, तिथपर्यंत लाल रंग द्यावा. वर्कशॉपात गळती तपासायचा सिमेंटचा हौद होता, पण हौदातल्या साचल्या पाण्याला कसला मान! शालिग्रामनं एकेक बोया ठेल्यावर चढवून ग्वारीघाटावर नेला, नारळ फोडला, "नर्मदे हर!" म्हणून दोर बांधून पाण्यात सोडला आणि पाणी टेकलं तिथं खिळ्यानं ओरखडा काढला. जबलपूरचा माणूस दुसरं काय करणार? माईच्या पाण्यात जे तरलं ते जगात कुठंही तरतं, हे इथं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

ठरल्या दिवशी मुंबईहून इन्स्पेक्टर साहेब आले. मालवणकडचा माणूस, समुद्रात पोहून मोठा झालेला. त्यांनी प्रत्येक बोया हातोडीनं वाजवला, सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वेल्डिंग कुणाचं हो? देखणं काम आहे." शालिग्रामची छाती शर्टात मावेना. तेवढ्यात साहेबांची नजर लाल रंगावर गेली.

"ही रेघ कुठल्या पाण्यात काढलीत?"

"नर्मदामाईच्या, साहेब. ग्वारीघाटावर. नारळ बी फोडला."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, समुद्राचं पाणी जड असतं. त्यात हा बोया बोटभर वर उचलला जाणार."

"वर आला तं चांगलंच हाये नं जी! बुडत तं नाही!"

"बुडायला लागला तर कळणार कसं?" साहेब शांतपणे म्हणाले. "खलाशी लांबून ही रेघ बघतो. रेघ पाण्याखाली गेली की तो समजतो, आत पाणी शिरलं. तुमची रेघ बोटभर वर राहिली, तर तेवढं पाणी आत शिरेपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे."

साहेब वाईट नव्हते, पण नियमाला पक्के. ते म्हणाले, "आता समुद्र काही इथं आणता यायचा नाही. बोये असेच पाठवा. रेघ गोदीतले रंगारी काढतील आणि पाण्यातही तेच सोडतील. तुमचा माणूस यायची गरज नाही."

नेमकी त्याच वेळी कुसुमबाई खोव्याची जिलबी घेऊन दारात उभी. पास झाल्याचं तोंड गोड करायला आली होती बिचारी! शालिग्रामला तिच्याकडं पाहवेना. बावीस वर्षांचा शब्द, आणि तो आपल्याच हातानं बोटभर चुकवला. त्याला रडूच आलं असतं, पण भय्यासाहेब बघत होते.

कुसुमबाईनं जिलबी खाली ठेवली. "साहेब, जड म्हंजे किती जड?"

"गोडं पाणी हजार धरलं, तर समुद्राचं हजार पंचवीस."

"मंग माह्या नळीवर पंचवीस," ती म्हणाली आणि पदर खोचून घराकडं पळाली.

आता ही नळी म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. त्यांच्या घरी दूध घालणारा भैयालाल माणूस लाखाचा, पण दुधात पाणी घालण्याच्या बाबतीत हात सढळ. म्हणून कुसुमबाईनं दूध तपासायची काचेची नळी आणून ठेवली होती. निव्वळ पाण्यात ती शून्यापर्यंत बुडते, आणि पातळ पदार्थ पाण्याच्या हजारापेक्षा जितका जड तितका आकडा दाखवते. चांगल्या दुधाला तीसच्या आसपास. भैयालालचं दूध अठराच्या वर कधी गेलंच नाही.

बाईनं धावत आणलेली नळी साहेबांनी उजेडात धरली, उलटसुलट पाहिली आणि हसायलाच लागले. "बाई, चालेल हो! अगदी चालेल!"

मग काय विचारता! शेजारच्या किराण्यातून खड्या मिठाची पोती आली. हौदात मीठ पडू लागलं, शालिग्राम बांबूनं ढवळू लागला, आणि कुसुमबाई काठावर बसून आकडे ओरडू लागली. "आठ! ... पंधरा! ... एकवीस! टाका अजून!" शालिग्रामनं घाईत अर्धं पोतं उपडं केलं.

"थांबा अजी! तीस झाले! हे तं म्हशीचं दूध झालं!"

सगळं वर्कशॉप खो खो हसलं. बादल्या भरभरून पाणी ओतलं, पुन्हा ढवळलं. तेवढ्यात भैयालाल कॅन घेऊन दारात आला. "काय भौजी, ये क्या हो रहा है?"

"ये भैया, ये! तुह्या दुधाले जे जमलं नाही, ते पाण्यानं करून दाखवलं. पाय, पंचवीस!"

भैयालालनं जीभ चावली आणि कॅन पाठीमागं लपवला. साहेबांनी स्वतः आकडा पाहिला, पाण्यात बोट बुडवून चाखलं. मग म्हणाले, "आमच्या मालवणच्या दारातल्या पाण्याची चव आली हो."

बोया हौदात सोडला. जुनी रेघ खरोखरच बोटभर वर आली. शालिग्रामनं मनातल्या मनात माईची माफी मागितली, आपल्या हातानं रंग खरवडला, आणि साही बोयांवर नवी रेघ काढली. साहेबांनी कागदावर सही केली. "यांना पाठवा मुंबईला," ते भय्यासाहेबांना म्हणाले. "आणि बाईंना विसरू नका."

मुंबईच्या गोदीत बोये पाण्यात उतरले. रेघ केसभरही हलली नाही. शालिग्रामनं अभिमानानं मागं वळून पाहिलं, तर कुसुमबाई डोळ्यांवर हात धरून लांब बघत होती.

"अजी, तिकडं तं डोंगर दिसून राहिले."

इन्स्पेक्टर साहेब हसले. "ही खाडी आहे, बाई. चला, समुद्र दुसऱ्या अंगाला."

त्यांनी दोघांना शहराच्या पश्चिमेला नेलं. कुसुमबाई वाळूत उतरली, घोटाभर पाण्यात गेली आणि उभीच राहिली. शालिग्राम घाबरून जवळ गेला, तर तिच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"काय झालं वं? नाही आवडला का?"

तिनं चारचौघांत, बावीस वर्षांत पहिल्यांदा, त्याचा हात धरला.

"पलीकडचा काठच नाही दिसत जी," ती म्हणाली.