नवा राउटर आणि माझी घाबरगुंडी

मित्रांनो, मी एका छोट्या रुग्णालयातला जुना लॅपटॉप. माझ्यावर लिनक्स नावाची संगणकप्रणाली चालते. इथल्या स्कॅनच्या मशीनने काढलेली चित्रं शहरातल्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना पाठवायची, हे माझं काम. सात वर्षं ते मी बिनबोभाट केलं. "म्हातारा आहे, पण भरवशाचा," असं आमच्या तंत्रज्ञ ताई म्हणायच्या. पुढे कौतुक आटलं, कळफलकावर धूळ साचली.

एका सकाळी शिडीवरून पडलेल्या रंगाऱ्याला आणलं. त्याच्या मानेचा स्कॅन झाला. शेकडो चित्रं माझ्या पोटात आली. ताईंनी ती पाठवायला घेतली, तर नेटवर्कच नाही!

"काय झालं हो?" दारातून रंगाऱ्याच्या बायकोने विचारलं.

"होतंय, वहिनी," म्हणत ताईंनी पुन्हा पाठवायचं बटण दाबलं.

आमचे डॉक्टर धावत आले. "या लॅपटॉपचं काही खरं नाही. सगळं पुसून नव्याने टाका!"

मला कापरंच भरलं. पुसलं तर ती चित्रंही जाणार! ओरडावंसं वाटलं, पण तोंड कुठलं असायला?

"दोन मिनिटं थांबा, सर," ताई म्हणाल्या. माझी नेटवर्कची वायर घट्ट होती, तिच्याजवळचा दिवाही लुकलुकत होता. मग त्यांनी मला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या राउटरला हाक मारायला लावली. उत्तर नाही. पुन्हा मारली. तरी नाही.

"काल मी रजेवर होते. इथे कोणी हात लावला का?"

"नेटवाले राउटर बदलून गेले की काल दुपारी," स्वागतकक्षातल्या काकू चपापल्या. "सांगायचंच राहिलं बघा."

ताईंनी नवा राउटर उलटा करून त्याचा नेटवर्कवरचा क्रमांक वाचला. माझ्यातले असे क्रमांक हाताने भरलेले, आपोआप न बदलणारे, त्यामुळे मी अजून जुन्याच राउटरच्या क्रमांकाला हाका मारत होतो! ताईंनी क्रमांक बदलला. राउटरने ओ दिली, पण मोठ्या रुग्णालयाचं नाव मला सापडेना. नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा क्रमांकही माझ्यात जुनाच होता.

"आता तरी चाल रे बाबा," पुटपुटत ताईंनी तोही बदलला.

चित्रं सुटली. थोड्याच वेळात मोठ्या रुग्णालयातून फोन आला. "त्याची मान जराही हलवू नका, मानेचं हाड मोडलंय. तसंच इकडे आणा."

रंगारी वाचला. दोन महिन्यांनी गळ्याला पट्टा लावून, स्वतःच्या पायांनी चालत आला.

पण मित्रांनो, माझी धडकी काही जात नाही. कोणी वायर घेऊन खोलीत शिरलं, की माझा पंखा घरघरायला लागतो. आमचं काही बदललंत तर दोन ओळी लिहून ठेवा. आणि आम्ही अडलो, तर पुसण्याआधी एकदा विचारा, काल काय बदललं? आमच्या पोटात त्या वेळी कोणाचा जीव अडकलेला असेल, काय सांगावं!