कापलेल्या स्प्रिंगा

गाडी ऐटबाज, बुटकी दिसावी म्हणून मामाने तिच्या स्प्रिंगा कापून घेतल्या आणि तीच गाडी घेऊन पाठीचं ऑपरेशन झालेल्या आजीला न्यायला दवाखान्यात आला! आईसोबत तिथे थांबलेल्या भाचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मामा, खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि धक्का पोटात घेते. तू दबायला जागाच ठेवली नाहीस. आता तो थेट आजीच्या मणक्यात जाणार!”

“दीडशहाणे, गाडी कोण चालवतं, तू की मी?”

“आत्ता आई चालवेल. तू मागे आजीच्या जागेवर बस.”

आवारातल्या पहिल्याच गतिरोधकावर मामाचं डोकं टपाला आपटलं. तो कंबर धरून कळवळला.

“आणि पाठीला टाके असते तर?” भाचीने विचारलं.

मामाने आजीसाठी टॅक्सी मागवली.